आज्जीची गोष्ट, आपली गोष्ट: फोनमधे साठवायची कशी आणि पुढं नातवाला सापडेल कशी

प्रत्येक घरात एक वाक्य ठरलेलं असतंय, "आप्पांचं एकदा सगळं लिहून काढायला पायजे." लग्नात म्हणतात, दहाव्याला म्हणतात, गड्ड्याला (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला) पाव्हणे जमले की हमखास म्हणतात, आणि लिहीत कुणीच नाही. कारण लिहायचं म्हटलं की वही आली, आत्मचरित्र आलं, "माझा जन्म अमुक गावी एका गरीब कुटुंबात झाला" आलं, आणि तिथंच गाडी अडकते. तर हे सगळं ज्यांनी कधीच केलं नाही, फोनमधे व्हॉट्सॲप आणि यूट्यूब सोडून फारसं काही उघडत नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. गोष्ट स्वतःची असो नायतर आईची, आज्जीची, पद्धत तीच.

एक आधीच सांगतो. साठवणं आता लै सोपं झालंय, अवघड आहे ते सापडणं. आजोबांचे व्हिडिओ आज कित्येक घरांत आहेत, पण ते डिस्प्ले गेलेल्या फोनमधे आहेत, त्याचा पॅटर्न लॉक कुणाला माहीत नाही, आणि तो फोन टीव्हीच्या खालच्या ड्रॉवरमधे जुन्या चार्जरांच्या गुंत्यात पडलाय. म्हणून शेवटच्या दोन पायऱ्या कंटाळवाण्या वाटल्या तरी सोडू नका, खरं काम तिथंच आहे.

पायरी १: लिहायला बसू नका, बोलायला बसा

फोनमधे रेकॉर्डर नावाचं ॲप आधीपासून असतंय, नसलं तर फुकट मिळतंय. वेगळा माइक, स्टँड, लाइट असलं काही विकत घेऊ नका, निदान सुरवातीला तरी. साध्या सेटिंगवर तासाभराचं रेकॉर्डिंग साधारण ६० एमबी होतं, म्हणजे गूगल ड्राइव्हच्या (इंटरनेटवर फायली ठेवायची गूगलची जागा) फुकटच्या १५ जीबीत अडीचशे तासांच्या आसपास आवाज मावतो (त्याच १५ जीबीत तुमचे जीमेल आणि फोटोपण असतात हे लक्षात ठेवा, म्हणून आधी गुड मॉर्निंगचे फोटो उडवा).

व्हिडिओ का नको असं विचाराल. नको असं नाही, पण कॅमेरा समोर आला की माणूस बदलतो. आज्जी पदर सावरून शाळेत कविता म्हणायला उभी राहिल्यासारखी बोलायला लागती, आणि आप्पा एकदम पुस्तकी मराठीत सुरू होतात, "त्या काळी परिस्थिती अत्यंत हलाखीची होती". फोन उलटा करून उशीजवळ ठेवला की पाच मिनिटांत विसरतात. पण रेकॉर्डिंग चालू आहे हे सांगायचंच, चोरून करायचं नाही, आणि सुरवातीलाच त्यांच्याच तोंडून "हे घरच्यांसाठी ठेवा, चालतंय" एवढं घेऊन टाकायचं. नंतर कुणी काय बोललं तर ते कामाला येतं. व्हिडिओ नंतर छोटे छोटे काढा, हाताचं काम दिसेल असे.

आवाजाचं एक. आपल्याकडं एप्रिल-मेत दुपारी कूलर बंद करून मुलाखत घेणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा छळ आहे. तेव्हा पहाटे चहाच्या वेळी बसा नायतर रात्री जेवणं झाल्यावर. पंखा लागतच असेल तर मंद ठेवा आणि फोन बोलणाऱ्याच्या छातीपाशी, हातभर अंतरात. प्रेशर कुकर, टीव्हीवरची मालिका, शेजारचा माग, यातलं आवरता येईल ते आवरा. सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे विणकरांच्या वस्तीत राहत असाल तर मागाचा आवाज टाळता येणार नाही, हरकत नाही, उलट तो एक मिनिटभर वेगळा रेकॉर्ड करून ठेवा, माग बंद झाल्यावर त्याची किंमत कळते.

आणि भाषा. सोलापुरात एकाच घरात आज्जी तेलुगूत बोलती, सून मराठीत, दुकानात हिंदी, अक्कलकोटकडचे पाव्हणे आले की कानडी. कुणालाही "जरा मराठीत सांगा की" म्हणू नका. ज्या भाषेत रडू येतं, शिव्या देता येतात, त्या भाषेत बोलू दे. भाषांतर नंतर कुणीतरी करेल, आवाज नंतर कुणी आणणार नाही.

पायरी २: प्रश्न कसे विचारायचे

सगळ्यात जास्त लोक इथं फसतात. "तुमच्या बालपणाबद्दल सांगा" असं विचारलं की उत्तर एकच, "काय सांगू बाळा, गरिबी होती." संपलं. प्रश्न मोठा असला की उत्तर बारकं येतं.

त्यापेक्षा हातात वस्तू द्या. ज्या बाईनं आयुष्यभर विड्या वळल्या तिच्या मांडीवर सूप ठेवा, आणि म्हणा, आज्जी एकदा करून दाखवा की, मला कळंना झालंय. मग बघा. पानं आधी भिजवायची का, किती वेळ, कातरताना शिर कुठं धरायची, तंबाखू किती घ्यायचा, दोरा कुठल्या बोटानं गुंडाळायचा, हे सगळं हात सांगायला लागतात, आणि हात चालू झाले की तोंड आपोआप चालू होतं. हजार विड्या पूर्ण करायला रात्री किती वाजायचे, कारखान्यात द्यायला गेलं की छाट (नापास केलेल्या विड्या) कोण काढायचं, छाट जास्त निघाली की घरी काय सांगायचं, पोरींना शाळेतनं कधी काढलं आणि का. "गरिबी होती" या दोन शब्दांत जे मावलं नव्हतं ते सगळं या छाटीत येतं.

गिरणीतल्या माणसाला विचारायचं ते वेगळं. भोंगा किती वाजता व्हायचा, घरातनं निघाल्यापासून गेटपर्यंत कोण कोण भेटायचं, कुठल्या खात्यात होता, बदलीवर (गैरहजर कामगाराच्या जागी) किती दिवस काढले, पहिला पगार कुणाच्या हातात दिला, डब्यात काय असायचं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी असेल तर चटणी कुणाच्या हातची. जुनी मिल १८७७ ची, पुढं लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, हे इतिहासाच्या पुस्तकात मिळतं. मिल बंद झाली त्या दिवशी आप्पा घरी येऊन काय बोलले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं किती वाजता उठले, हे फक्त तुमच्या घरात मिळतं.

घरात बसणाऱ्या बाईलापण असंच विचारा, कारण "मी काय केलं, मी आपली घरातच होते" हे वाक्य ती बोलणार हे ठरलेलं आहे. पाणी कुठनं आणायची, चुलीवरनं स्टोव्हवर आणि स्टोव्हवरनं गॅसवर कधी आली, संक्रांतीच्या शेंगापोळ्या किती करायची, भिशी कुणाकडं लावली होती, आणि नवऱ्याला न सांगता काय विकत घेतलं होतं. शेवटच्या प्रश्नाला लै हसतात, आणि खरं सांगतात.

एका बैठकीला एकच विषय. पाऊण तासाच्या पुढं जाऊ नका, म्हातारं माणूस दमतं आणि "बास झालं" म्हणत नाही. मधे शांतता आली तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, थांबा, कधी कधी पुढचं वाक्य हेच खरं असतं. आणि मधे मधे दुरुस्ती करू नका, "नाही ओ आप्पा, ते वर्ष ते नव्हतं" असं म्हटलं की आप्पा गप्प.

स्वतःची गोष्ट असेल तर अडचण वेगळी, एकट्यानं फोनशी बोलायला लाज वाटते. मग बहिणीला नायतर जुन्या दोस्ताला व्हॉइस नोट पाठवा, "काय बे, आठवतंय का आपण होम मैदानावर" अशी. आवाज आपोआप खरा येतो. पुण्या-भिवंडीतल्या नातेवाइकांकडनंपण अशाच व्हॉइस नोट मागवा, फक्त त्या चॅटमधे पडू देऊ नका, बॅकअप नसेल तर फोन बदलला की जातात. प्रत्येक नोट शेअर करून ड्राइव्हवर टाका आणि नाव बदला, कारण व्हॉट्सॲपच्या फायलीच्या नावावरनं आत कोण बोलतंय ते कधीच कळत नाही. तुम्ही तीस-पस्तीसचे असाल तर "आत्ताच कशाला" म्हणू नका. लॉकडाऊनचं २०२० साल आपण सगळ्यांनी काढलंय, आणि त्यातल्या एकेका दिवसाचं आपल्यालाच आत्ता नीट आठवत नाही, खरं का नाही बघा.

पायरी ३: साल आठवत नाही तेव्हा

तारखा कुणाला आठवत नाहीत, आठवतात त्या घटना. म्हणून खुंट्या ठोकून घ्यायच्या. १९४८ च्या सप्टेंबरातली पोलिस ॲक्शन (निजामाच्या हैदराबाद संस्थानावरची भारतीय सैन्याची कारवाई), त्याआधीच्या रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांच्या धामधुमीत निजामाच्या हद्दीतनं इकडं आलेली घरं सोलापुरात कमी नाहीत. मग १९७२ चा दुष्काळ, सुकडी (तेव्हा वाटलेला कोरडा खाऊ) आणि खडी फोडण्याची कामं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, किल्लारीचा भूकंप, आदल्या रात्रीच गणपती विसर्जन झालेलं. "भूकंपाच्या वेळी तू कुठल्या घरात होतीस? थोरला किती मोठा होता?" असं विचारलं की हिशोब लागतो. गड्डा आणि नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव यांच्या आगेमागे लग्नं, बाळंतपणं, भांडणं बरोबर आठवतात.

आणि इथंच एक शिस्त लावून घ्या. पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं. सोलापुरात इंग्रजांचा मार्शल लॉ (लष्करी कायदा) लागला मे १९३० मधे, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली १२ जानेवारी १९३१ ला. आज जे सांगतात त्यांनी ते बहुतेक आपल्या बापाकडनं, आज्जाकडनं ऐकलेलं असतं. ते फेकायचं नाही, पण खाली एक ओळ लिहायची, "वडिलांकडून ऐकलेलं". तारीख पुस्तकातनं तपासायची, आणि सांगणाऱ्याची तारीख चुकली असली तरी रेकॉर्डिंगला हात लावायचा नाही, टीप वेगळी लिहायची.

पायरी ४: फोटो

फोटो आहे पण त्यातला माणूस कोण हे सांगणारं शेवटचं माणूस गेलं, की तो फोटो कुठल्याही अनोळखी माणसाचा होतो. म्हणून स्कॅनिंगच्या आधी नावं. प्रत्येक फोटोच्या मागं मऊ पेन्सिलीनं हलकासा नंबर टाका, बॉलपेननं नको, दाब पुढं उमटतो. मग रेकॉर्डर चालू करून आज्जीच्या समोर एकेक फोटो धरा आणि मोठ्यानं बोला, "फोटो नंबर सतरा, मागच्या रांगेत डावीकडून तिसरी कोण?" एका दुपारी अख्खा अल्बम होतो, आणि नावांबरोबर कोण कुणाशी का बोलत नव्हतं तेपण फुकटात मिळतं.

स्कॅनर मिळाला तर पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ३०० डीपीआय (स्कॅन किती बारीक करायचं त्याचं माप) पुरतो, पासपोर्ट साइजच्या बारक्या फोटोला ६०० ठेवा. नसला तर फोनच, खिडकीपाशी, थेट ऊन नको, फ्लॅश बंद, फोन फोटोला बरोबर समांतर. गूगलचं फोटोस्कॅन ॲप चमक काढून टाकतं, चांगलं आहे. फोटोच्या मागच्या बाजूचापण फोटो घ्या, स्टुडिओचा शिक्का आणि कुणीतरी लिहिलेली ओळ तिथं असते. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, फाटतात, पानासकट फोटो घ्या. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटोपण काचेवरनंच घ्यायचा. आणि ते कुणाला पाठवताना व्हॉट्सॲपवर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून बारीक होतो.

पत्रं, विडी कामगाराचं कार्ड, गिरणीचा पास, रेशन कार्ड, शाळेचा दाखला, सगळं याच पद्धतीनं. मोडीतला कागद निघाला तर रद्दीत घालू नका, वाचणारे आहेत अजून.

कॅसेटी असतील तर प्लेयरच्या हेडफोनच्या भोकातनं लॅपटॉपला वायर लावायची आणि ऑडॅसिटी नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमधे रेकॉर्ड करायचं, तासाच्या कॅसेटला तासच लागतो, शॉर्टकट नाही. टेपवर पांढरे बुरशीचे डाग दिसले तर घरी लावू नका. स्टुडिओत दिलीच तर पावती घ्या आणि मूळ कॅसेट परत आणा, "आता काय करताय तिचं" म्हणणारे भेटतात.

पायरी ५: कागदावर उतरवणं

सगळं रेकॉर्डिंग लिहून काढायची गरज नाही. प्रत्येक फायलीसाठी चार-पाच ओळी पुरतात, कोण बोलतंय, कधी, कुठं, कशाबद्दल, आणि कितव्या मिनिटाला भारी किस्सा आहे. टाइप करायचा कंटाळा असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला, बऱ्यापैकी उतरवतं, मधे मधे सोलापुरी ऐकून गोंधळतं तेवढं सुधारा. फक्त "लै" चं "खूप" करू नका.

टायपिंग युनिकोडमधेच, म्हणजे फोनच्या मराठी कीबोर्डवर येतं त्याच पद्धतीचं. जुन्या डीटीपी फाँटमधे केलेलं मॅटर तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडलं की नुसती चिन्हं दिसतात, कित्येक घरांतल्या वंशावळी अशाच अडकून पडल्यात. आणि एक पीडीएफ काढून कागदावर प्रिंट मारा. डिजिटल म्हणून कागदाशी वैर धरायचं कारण नाही.

नाजूक गोष्टींचं इथंच सांगतो. वाटणीची भांडणं, पळून जाऊन केलेली लग्नं, दारू, मारहाण, हे येणार. माझं मत, कापू नका, पण वेगळ्या फोल्डरमधे ठेवा, आणि कोण हयात असेपर्यंत उघडायचं नाही ते सांगणाऱ्यालाच विचारा. फॅमिली ग्रुपवर क्लिप टाकायच्या आधी दोनदा विचार करा, चुलत्याचा मुलगा पण ऐकतोय. आधार, बँक, जागेच्या उताऱ्याचे फोटो या फोल्डरमधे नकोत, ते काम वेगळं. आणि कुणी दुसऱ्याबद्दल काही गंभीर बोललं असेल तर ते यूट्यूबवर टाकायचंच नाही.

पायरी ६: नावं आणि प्रती

फायलीचं नाव असं, आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, मग माणूस, मग विषय. २०२५-०१-१८-आज्जी-विडी. असं ठेवलं की यादी आपोआप क्रमानं लागते. इंग्रजी अक्षरात लिहिलं तरी चालतंय, पण सगळ्यांनी एकच पद्धत धरा, एकानं "आज्जी", दुसऱ्यानं "दादी फायनल न्यू २" असं नको. सगळ्यात वर एक साधी फाइल, "आधी हे वाचा", त्यात कुठल्या फोल्डरमधे काय आहे ते.

प्रती तीन. एक ड्राइव्हवर, एक हार्ड डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी, लेकीकडं पुण्याला नायतर भावाकडं हैदराबादला. घरात पाणी शिरलं, चोरी झाली, तरी एक वाचते. नुसत्या पेनड्राइव्हवर भिस्त ठेवू नका, वर्षानुवर्षं न लावता पडला तर तो हळूहळू डेटा घालवू शकतो, आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलात तर विचारूच नका. जुन्या सीडीपण आता उतरवून घ्या, लॅपटॉपला सीडीचा खण राहिलेला नाही.

पायरी ७: किल्ली कुणाकडं

गूगलचं खातं दोन वर्षं कुणी वापरलंच नाही तर गूगल ते आतल्या सगळ्यासकट पुसू शकतं. म्हणजे आप्पांच्या नावाच्या जीमेलवर सगळं ठेवलं, आप्पा गेले, आणि दोन वर्षांनी वर्षश्राद्धाला कुणाला तरी आठवण आली, तर उपयोग नाही. गूगलच्या सेटिंगमधे "इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर" आहे, तिथं आत्ताच भरून ठेवा की खातं ३, ६, १२ किंवा १८ महिने शांत राहिलं तर कुणाला कळवायचं आणि कुणाला काय द्यायचं, दहा माणसांपर्यंत नावं देता येतात. ॲपलच्या फोनला "लेगसी काँटॅक्ट" आहे, तिथं एक ॲक्सेस की मिळते, ती आणि मृत्यूचा दाखला असा दोन्ही लागतो, म्हणून की छापून ठेवा. फेसबुकलापण तसाच वारस नेमता येतो.

हे सगळं करूनसुद्धा एक कागद हातानं लिहा. कुठलं खातं, हार्ड डिस्क कुठं आहे, दुसऱ्या गावची प्रत कुणाकडं, फोनचा पिन कुणाला माहीत आहे. आणि हा कागद एलआयसीच्या फायलीत ठेवा. माणूस गेल्यावर सगळ्यात आधी तीच फाइल उघडतात, हे कटू वाटलं तरी खरं आहे.

घरातल्या एकाच माणसाला जबाबदार करा, "सगळे मिळून बघू" म्हणजे कुणीच नाही. शक्यतो विशीतलं पोरगं नायतर पोरगी, त्यांना हौसपण असते. वर्षातनं एकदा, गड्ड्याला सगळे गोळा होतात तेव्हा, त्यानं हार्ड डिस्क लावायची, प्रत्येक फोल्डरमधली एखादी फाइल खरंच वाजते का ते बघायचं, वर्षभरातलं नवं त्यात टाकायचं. डिस्क खरखर करायला लागली, उघडायला वेळ घ्यायला लागली, की नवी आणायची. जुनी लगेच भंगारात देऊ नका, नव्या डिस्कवर सगळं उतरलंय आणि वाजतंय हे बघितल्यावर मगच.